सदतीस दिवसांचा वारा

या, जरा जवळ सरकून बसा. ज्याने आयुष्यभर वाऱ्याचं शून्य राखलं, अशा एका माणसाची गोष्ट सांगतो.

देवाने वारा केला, पण त्याला रूप दिलं नाही. आपल्याकडे निदान पानं हलतात, धूळ उडते. शंभर किलोमीटर वर पान नाही आणि धूळही नाही. हवा इतकी विरळ, की तिचा नुसता मंद उजेड असतो. वारा सुटला की त्या उजेडाचा रंग कणभर सरकतो, आणि त्याच्याही वरून फिरणारा उपग्रह ते सरकणं टिपतो. पण सरकला म्हणायचा तो कशाच्या मानाने? म्हणून उपग्रहाच्या पोटात एक लहानसा दिवा असतो. त्याच्या उजेडाला वारा लागत नाही. त्याची खूण जिथे पडेल, ते शून्य. यंत्र जुनं होत जातं तशी ही खूणही रोज किंचित हलते, आणि ती रोज सकाळी नव्याने मोजावी लागते. एकवीस वर्षं, तीन उपग्रह, आपल्या माणसाने हेच केलं. ऑफिसात सगळे त्यांना शून्यकाका म्हणत.

"काय काका, सकाळपासून काय काढलंत?" शिपाई विचारायचा.

"शून्य."

"मग साहेबांच्या बरोबरीला आलात."

एका दुपारी ऑफिसातल्या तरुण संशोधक मुलीने त्यांना हाताला धरून आपल्या टेबलाशी नेलं. "बसा काका. सगळ्यांच्या आधी तुम्हाला दाखवतेय. उद्या छापायला पाठवणार."

पडद्यावर एक रेघ चढत गेली होती आणि एकदम कोसळली होती.

"गेल्या वर्षीचा वारा आहे. पूर्वेकडे वाहणारा. सदतीस दिवस रोज थोडा थोडा वाढलाय, आणि मग एका दिवसात खलास. असला वारा आजवर कुणाला दिसलेला नाही. दोन वर्षं डोळे फोडतेय काका, आता कुठे काही हाती लागलंय."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "सुरू कधी झाला?"

तिने तारीख सांगितली.

"आणि पडला?"

तिने तीही सांगितली.

पहिल्या तारखेला काकांनी बायकोला इस्पितळात दाखल केलं होतं. दुसऱ्या तारखेला, ती गेल्यावर, ते पहिल्यांदा पूर्ण दिवस कामावर बसले होते.

दिवा पेटवला की उजेड स्थिर व्हायला पाऊण तास लागतो. त्या सदतीस दिवसांत काका सकाळी येत, दिवा न पेटवता आदल्या दिवसाचाच आकडा उतरवून काढत आणि धावतपळत इस्पितळ गाठत. एवढ्यात काय हलणार आहे, असं पहिल्या दिवशी त्यांनी मनाची समजूत घालत म्हटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तेही म्हणायचं सोडलं.

शून्याच्या त्या जुन्या नोंदी कुणी उघडून बघत नसे. काका गप्प बसले असते तर पोरीचं नाव झालं असतं आणि त्यांचंही राहिलं असतं. ते मिनिटभर तसेच बसून राहिले. अशा मिनिटात देव माणसाला एकटं सोडतो. तीही त्याची कृपाच असावी.

"बाळ, हा वारा नाही," ते म्हणाले. "ही माझी चूक आहे."

तिला आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिने नोंदी उघडल्या. एकाखाली एक, सदतीस वेळा, तोच आकडा. खूण मात्र रोज हलत गेली होती, आणि तो साठत गेलेला फरकच वारा म्हणून दिसत होता.

"नंतर तरी सांगायचंत ना," ती म्हणाली.

"धीर झाला नाही."

"मग माझं काय आता, काका?"

काका उठले. "चल, आधी साहेबांना सांगू."

दोघं साहेबांकडे गेले. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "या आकड्यांच्या दुरुस्तीचं पत्र काढावं लागेल, त्यात 'तांत्रिक कारणामुळे' असं घालू. तुमचे आठ महिने राहिलेत नोकरीचे. कशाला ओढवून घेताय?"

"यंत्रानं काय केलंय बिचाऱ्यानं, साहेब? ते आपलं रीतसर हलत होतं. मीच बघितलं नाही. माझं नाव घाला."

साहेबांनी नाव घातलं.

मग मुलगी दुरुस्तीला बसली. काका शेजारी. दाखल केल्याच्या आदल्या दिवसाचं शून्य आणि काका कामावर परतल्यानंतरचं शून्य यांच्यामध्ये रोजचं हलणं वाटून द्यायचं होतं. एकेक दिवस करत रेघ खाली बसत गेली. शेवटचा दिवस उरला तेव्हा तिचा हात थांबला.

"काका, त्या पाऊण तासात काकू काही बोलायच्या?"

"नाही गं. झोपेतच असायची. मी नुसता बसायचो."

तिने कळफलक हलकेच त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी शेवटचा आकडा स्वतः बदलला. रेघ सरळ झाली, आधीच्या आणि नंतरच्या दिवसांसारखी.

तर मायबापहो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. त्या माउलीची आठवण ठेवा. ती कुठल्याच नोंदीत नव्हती. आणि आता त्या वाऱ्यातही उरलेली नाही.