भंवरीबाईंची कबुतरं

आमच्या घरात माणसांपेक्षा कबुतरांना मान जास्त. आम्ही जेवलो की नाही कुणी विचारत नाही. त्यांना मात्र आमची आई, भंवरीबाई, रोज सकाळी गच्चीवर जाऊन ज्वारी वाढते. आम्ही तिला बाईच म्हणतो. जामनेरात खाली कापडाचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची, आणि गच्चीत फुकट्यांची पंगत. मागे राहिलेली विष्ठा खरवडायचं पुण्यकर्म माझ्या धाकट्या भावाकडे, अखिलकडे.

गेल्या महिन्यात अखिलला एचआयव्ही निघाला, तोही फार उशिरा. जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "प्रतिकारशक्ती तळाला गेलीय. एचआयव्हीचं औषध सुरू आहेच, पण ती परत येईपर्यंत दुसरे आजार डाव साधतात. म्हणून ही वेगळी गोळी, रोज. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. आणि कबुतरांच्या विष्ठेपासून लांब. त्या धुळीतली बुरशी श्वासावाटे आत जाते आणि मेंदू गाठते."

अखिल माझ्याकडे बघून हसायलाच लागला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, पोरगं धक्क्याने खुळावलं.

"जीजी, बाईला कळता कामा नये," परतताना एसटीत तो म्हणाला. त्यामुळे थापा मारायचं काम माझ्याकडे आलं. माझं सासर धुळ्याला, पण माहेरी लुडबुड करण्याचा अनुभव दांडगा.

मी म्हटलं, गच्चीवर कबुतरं म्हणजे वास्तुदोष. बाई म्हणाली, "तुझ्या लग्नातही दोष निघाला होता. केलंच ना लग्न?" मी म्हटलं, दमा होतो. "होऊ दे मला." शेजारी तक्रार करतात म्हटलं, तर ती शेजारणीशी भांडून आली. मुक्या जिवाच्या तोंडचा दाणा काढणारा थेट नरकात जातो म्हणे, आणि मला तिथे पोचवायची तिची पूर्ण तयारी होती.

रविवारी तिने हाक मारली, "अखिल, फावडं घे, वर चल."

आणि तो उठला. खरंच उठला, गाढव! आईला नाही म्हणण्यापेक्षा त्याला मरण सोपं वाटत होतं. मला इतका संताप आला की मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो गं. काय झालं?" बाईने विचारलं. थापांची पोतडी रिकामी झाली होती, म्हणून मी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडाच धरून ठेवला.

"मला एचआयव्ही आहे, बाई," अखिलच बोलला. "ती धूळ छातीत गेली तर जीव जाईल, असं डॉक्टर म्हणतात."

मला वाटलं, आता ही छाती पिटणार, कुठे शेण खाल्लंस म्हणून विचारणार. तिने त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "औषध घेतोस ना?" एवढंच विचारलं. त्याने मान हलवली. मग तिने तोंडाला पदर घट्ट बांधला, पाण्याची बादली उचलली आणि एकटीच वर गेली.

मुंगी दिसली तरी वाट बदलणारी माझी आई. तिचा आवाज थेट जिन्यापर्यंत येत होता.

"उठा, मेल्यांनो! मार्केट यार्डात जाऊन खा! पाप लागायचं ते मला लागू दे. तुम्हाला गावभर गच्च्या आहेत, मला पोरगा एकच आहे!"