निर्माल्याचा कप्पा

सौंदडच्या स्टेशन रस्त्यावर खेमराजचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. तिथे कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेला जुना संगणक म्हणजे मी. मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो, पण आठवण शाबूत आहे.

मी आलो दोन हजार चार साली. खेमराजने नारळ फोडला आणि माझ्या कपाळी कुंकवाचं बोट टेकवलं. नोकरीचे अर्ज, लग्नपत्रिका, परीक्षांचे निकाल, सगळं माझ्यातून गेलं. पण माझं भाग्य खरं उजळलं ते ईश्वरदास महाराजांमुळे.

महाराज आमच्या भागातले कीर्तनकार. गुडघे थकले तसे ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. मग मुलगी त्यांचं निरूपण टेप करून तुकड्यातुकड्यांनी खेमराजच्या मेलवर पाठवायची. एकादशीला महाराजांची जुनी भक्त निर्मलाबाई धानाच्या बांधावरून थेट दुकानात यायची, चपला बाहेर काढायची आणि माझ्यासमोर हात जोडून बसायची. महाराजांनी सूर लावला की झेरॉक्सला आलेली माणसंही टाळी धरायची.

पहिल्याच खेपेला तिने खेमराजला बजावलं होतं, “आयकून झालेलं असं उघडं नोको ठेवू. देवावरचं फूल आहे ते. निर्माल्यात ठेव.”

खेमराज भाविक माणूस. ऐकलेली प्रत्येक मेल तो ‘डिलीटेड’च्या कप्प्यात नेऊन ठेवू लागला. तिथलं लगेच नाहीसं होत नसे. कप्पा रिकामा करेपर्यंत राहत असे. अनंत चतुर्दशीला निर्मलाबाई घरचं निर्माल्य इटियाडोह धरणाच्या कालव्यात सोडायची आणि त्याच दिवशी खेमराज हात जोडून माझा कप्पा रिकामा करायचा. मेल एकदा माझ्या पोटात उतरली की वर सर्व्हरवर तिची प्रत उरत नसे. पण नवं कीर्तन येतच होतं, म्हणून कोणाला हळहळ वाटली नाही.

दोन हजार दहाच्या आषाढात नवा संगणक आला, त्यात मेलचा नवा प्रोग्राम. माझ्यातलं सगळं तिकडे न्यायला गोंदियाहून संगणक दुरुस्त करणारा टिकेश आला.

“भैया, डिलीटेडवालं पण न्यायचं का?”

खेमराज हसला. “निर्माल्य कोनी नव्या देवघरात नेते का गा?”

माझ्यावर पोतं पडलं. कोहमाऱ्याच्या भंगारवाल्याशी बोलणंही झालं.

श्रावणात महाराज गेले. निर्मलाबाई पदर तोंडाशी धरून आली. “खेमराज, गावात भजन ठेवलं आहे. महाराजाचा आवाज लाव.”

आषाढापासून महाराज आजारी, नवं काही आलंच नव्हतं; त्यामुळे नव्या संगणकात एकही कीर्तन नव्हतं. नागपूरला फोन केला, तर पाठवलेलं मुलीनेही जागेसाठी पुसून टाकलेलं.

“काऊन गा, कुठी गेला माह्या महाराजाचा आवाज?”

“मावशी, तुमीच तं म्हनलं होतं, निर्माल्यात ठेव म्हनून.”

“मंग? चतुर्दशी तं अजून याची आहे ना! माहं निर्माल्य घरीच आहे टोपल्यात. तुहं कुठी आहे?”

खेमराज उठला आणि त्याने माझ्यावरचं पोतं ओढलं.

किती वेळ मी घरघरलो! शेवटी कप्पा उघडला. आधीच्या वर्षांचं काहीच नव्हतं. ते कालव्याच्या पाण्यासारखं वाहून गेलं होतं. पण गेल्या चतुर्दशीनंतरचं सगळं जागच्या जागी होतं. महाराजांचा सूर लागला. निर्मलाबाईने आधी चपला बाहेर काढल्या, मग ती रडली.

कीर्तन संपलं. सवयीने खेमराजचा हात पुन्हा त्याच कप्प्याकडे वळला. तिने मनगट धरलं.

“फूल सुकते गा. आवाज कुठी सुकते? याले नोको सोडू.”

मग त्याने नवा कप्पा केला, त्याला ‘देवघर’ नाव दिलं आणि एकेक कीर्तन तिथे आणलं. नव्या संगणकातही प्रत ठेवली. भंगारवाला रिकामा परत गेला.

मित्रांनो, दर चतुर्दशीला मी विचारत होतो, ‘कायमचं पुसायचं का?’ यंत्राला तेवढंच बोलता येतं. तुमचं यंत्र असं विचारेल तेव्हा लगेच ‘हो’ म्हणू नका. आत कोणाचा आवाज आहे, तो एकदा ऐकून घ्या.