दुसरी गादुली

"पोतं घरी नेऊ नकोस गं पोरी. रिकामं असलं तरी नाही," स्टोअरवाले काका म्हणाले होते, आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पाइपच्या त्या कारखान्यात काकांचा चिकटपणा सगळ्यांना पाठ होता. नवा झाडू हवा तर जुन्याची दांडी आणून दाखवावी लागायची. अशा माणसाने रिकाम्या पोत्यावरून हात आखडला तर त्यात नवल ते काय!

"काका, लेक सासरी निघाल्यासारखं काय बघताय पोत्याकडे?" ती म्हणाली.

तिला सातवा महिना होता. काका मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वळलेल्या मानेलाच तिने होकार समजला आणि एक सोडून दोन पोती उचलली. दुसरं शिट्टीसाठी.

शिट्टी पॅकिंगमध्ये होती. यंत्रांच्या घरघरीतून तिचा आवाज थेट गेटपर्यंत पोचायचा, म्हणून शिट्टी. तिलाही दिवस गेलेले, एका महिन्याच्या मागेपुढे. लॅबमागच्या बाकावर दोघी डबा खायच्या. एकीला उचकी लागली की दुसरी म्हणायची, "माझं बाळ आठवण काढतंय तुझ्या बाळाची." पोती चांगली होती. पांढरीशुभ्र, घट्ट विणीची, पाणी न शोषणारी. उलटी करून, आत जुन्या चादरी भरून, कडेने शिवली की रांगत्या बाळासाठी झकास गादुली होणार होती.

"कॉलेज शिकलीस आणि सुई धरतेस पहारीसारखी," शिट्टी तिला चिडवायची. शेवटी दोन्ही गादुल्यांची कड शिट्टीनेच शिवली, पाइपचे गठ्ठे बांधायच्या लाल दोऱ्याने. कोपऱ्यात एकेक फूलही काढलं. पाच पाकळ्यांचं काढायला गेली आणि दोन्हीकडे चारच पाकळ्या झाल्या.

"अगं, एक राहिली."

"राहू दे. पोरी मोठ्या झाल्या की काढतील."

पोरीच होणार हे शिट्टीने परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि झाल्याही.

आता त्या पोत्यांत काय यायचं ते सांगायला हवं. पाइपचं प्लास्टिक तापवताना करपू नये म्हणून दर घाण्यात एक पांढरी पावडर मिसळतात. ती शिशाची. पोती उचलणाऱ्या त्या पोरीला कारखान्यात सगळे लॅबवाली म्हणत, कारण त्या पावडरीचा नमुना तपासणं हेच तिचं काम होतं. चिमूटभर पावडर काट्यावर घ्यायची तरी ती हातमोजे घालायची, तोंडाला मास्क बांधायची. चूक झाली ती इथेच. काट्यावरची पावडर दिसत होती, विणीत अडकलेली दिसत नव्हती. पोती तिने तीन पाण्यांतून काढली. तिसरं पाणी नितळ आलं, तेव्हा पोतं स्वच्छ झालं असं तिने धरलं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने!

शिट्टी बाळंतपणानंतर दोनच महिने कामावर आली. मग तिच्या नवऱ्याला दुसऱ्या गावी काम लागलं. निघायच्या दिवशी ती गेटवर उभी, एका काखेत पोर, दुसऱ्या काखेत गुंडाळलेली गादुली.

"येशील ना भेटायला?"

"येईन की. पत्ता तर दे."

"पोचले की कळवते." आणि जाता जाता मोठ्याने, चौकीवाल्यालाही ऐकू जाईल असं, "तुझ्या भिंगरीला सांग, मावशी गेली नाही, नुसती पुढे गेलीये!"

भिंगरी म्हणजे लॅबवालीची लेक. गरगर रांगायची म्हणून भिंगरी. गादुलीवर पालथी पडून लाल फूल चोखायची, मग हात चोखायची, मग परत फूल. आई स्वयंपाक करता करता बघायची आणि बरं वाटायचं तिला, पोर जागच्या जागी रमलीये म्हणून.

चौदाव्या महिन्यात भिंगरीची गरगर मंदावली. खाणं तोंडातून बाहेर, पोट दगडासारखं, दिवसभर किरकिर. "बाबा" म्हणायला लागली होती, तेही थांबलं. लॅबवालीचा नवरा बस चालवायचा, तो म्हणाला, "दात येतायत, तू उगाच जिवाला लावून घेतेस." पण ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण बाईंनी पोरीला तपासलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि आईला विचारलं, "तुम्ही कामाला कुठे?"

तिने सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

रक्तात शिसं निघालं. आकडा बत्तीस. जवळपास काहीच नसायला हवं, तिथे बत्तीस. आईचं स्वतःचं चौदा. "कपड्यांवरून येतं, केसांतून येतं," बाई म्हणाल्या, "पण एवढं? घरात आणखी काय आहे, शोधा."

दुसऱ्या दिवशी तिने गादुलीचा कोपरा कापला आणि डब्याबरोबर कामावर नेला. लॅबमध्ये तो सौम्य आम्लात भिजवला, गाळला, आणि त्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावात नेहमीच्या बाटलीतला एक थेंब टाकला. शिसं असेल तर पिवळं होतं. वर्षानुवर्षं तिने तो थेंब टाकला होता आणि पिवळं झालं की वहीत खूण करून पुढची नळी घेतली होती. त्या दिवशी नळी पिवळीधमक झाली आणि तिला वहीच सापडेना.

ती तशीच स्टोअरमध्ये गेली. "काका, नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू हसलीस."

"का नेऊ नको, ते नाही सांगितलंत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला तरी कोणी सांगितलं? पोती मोजून, बांधून परत पाठवायची, एवढाच हुकूम. आणि तू पोटुशी, हौसेने मागत होतीस..." तिला रागावता येईना. पावडरीबरोबर आलेला माहितीचा कागद तिच्याच खणात होता. त्यात काय करू नये ते सगळं लिहिलं होतं. तिने तो सही करून घडी घालून ठेवला होता.

घर पुरतं धुऊन निघेपर्यंत भिंगरीला घरात ठेवायचं नाही असं ठरलं. पोर आजोळी, लॅबवालीच्या आईकडे गेली, बसने दोन तास. मागे उरलं ते घर. झाडू बंद, कारण झाडलं की धूळ उडते. सगळं ओल्या फडक्याने पुसायचं. फडकंही परत वापरायचं नाही. कामाचे कपडे कामावरच राहायला लागले, तिथेच अंघोळ, तिथेच केस धुणं. साहेबांनी तिला पावडरीच्या टेबलावरून उठवून पाइपची जाडी मोजायला बसवलं. पाइप मोजता मोजता तिच्या मनात यायचं, या रविवारी भिंगरी केवढी झालेली दिसेल?

संध्याकाळी आजी फोन लावायची. "बोल, बोल, तुझी आई आहे." पलीकडे नुसता श्वास, मग फोन तोंडात घातल्याचा चपचप आवाज. तो आवाज बंद झाला तरी ती फोन कानालाच धरून बसायची. नवरा समोर येऊन उभा राहायचा, तिच्या हातातून फडकं घ्यायचा आणि खिडकीच्या चौकटी पुसायला लागायचा. "दात येतायत" तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

रविवारी ती जायची. पोरीला उचलून घ्यायच्या आधी तिथेही अंघोळ, तिथेच ठेवलेले कपडे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, एवढं नको आता. पण तिला धीर होत नव्हता. न्हाणीघराच्या दाराबाहेर भिंगरी रडायची आणि मग दाराखालच्या फटीतून चार इवलीशी बोटं आत यायची. ती ओल्या अंगाने खाली बसून त्या बोटांकडे बघायची. हात लावायला जीव तुटायचा. साबण निघेपर्यंत ती लावत नसे.

आकडा एकवीसवर आला. मग अकरा. "उतरतोय. हे औषधाने नाही, तुम्ही विष लांब ठेवलंत म्हणून," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात घरी न्या." मागच्या रविवारी भिंगरी "बाबा" म्हणाली. कुत्र्याला म्हणाली, पण म्हणाली.

तिने आनंदाने रडायला हवं होतं. रडलीही. पण बसमधून परतताना तिला काखेत गुंडाळलेली गादुली दिसत राहिली. दुसरी.

शिट्टीचा नंबर पहिल्या दिवसापासून बंद येतोय. मुकादमाकडे पत्ता नाही. पॅकिंगच्या बायकांना गावाचं नावही नीट आठवत नाही, "कुठेतरी बांधकामावर" एवढंच. नळी पिवळी झाली त्याच दुपारी लॅबवालीने नंबर लावला होता. त्यानंतर रोज डब्याच्या सुट्टीत त्याच बाकावर बसून ती तो लावते. कधीकधी वाटतं, लागला तर आधी काय बोलायचं? "अगं, आपण पोरींना..." आणि वाक्य तिथेच अडतं.

म्हणून लॅबवालीच तुम्हाला विचारते आहे. तुमच्या शेजारी, कामावर, दवाखान्याच्या रांगेत अशी कोणी आहे का? आवाज खणखणीत, हसली की चार घरं वळून बघतात. सोबत दीड-पावणेदोन वर्षांची मुलगी. आणि पांढरी गादुली, लाल दोऱ्याची कड, कोपऱ्यात चार पाकळ्यांचं फूल. दिसली तर गादुली झटकू देऊ नका. ओल्या फडक्याने उचलायची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, हात साबणाने धुवायचे. आणि पोरीचं रक्त तपासायला लावा. ती हसण्यावारी नेईल, तेव्हा उठून येऊ नका. का ते सांगा. सगळं सांगा, आमच्या भिंगरीचं धरून.

कोणी रागावणार नाही म्हणावं. गादुल्या दोघींनी मिळूनच केल्या होत्या. एवढं बघून याल ना तिच्याकडे?