डिंपलच्या वहीतले तीन डोंगर

योगराजने डिंपलच्या वहीतला औलीचा रकाना पेन्सिलीने आडवा खोडला आणि वही तिच्याकडे परत सरकवली.

"बाबा! काऊन खोडलं? सगळ्यात भारी उतार तठीच हाय."

"तठवर रेल्वे नाही जात. हरिद्वारले उतरलं का मंग दिवसभर घाट. तुह्या आबाचे गुडघे कोन सांभाळीन?"

डिंपल तेरा वर्षांची होती आणि गेले पंधरा दिवस तिने अभ्यासाच्या नावाखाली फक्त बर्फाचाच अभ्यास केला होता. वहीच्या मधल्या पानावर तिने तीन रकाने आखले होते: औली, गुलमर्ग, सोलंग. प्रत्येकाखाली बर्फ कधी पडतो, दोरीवरचा पाळणा आहे की नाही, राहायची जागा उतारापासून किती लांब, आणि ज्यांना घसरायचं नाही त्यांना उन्हात बसून गरम चहा मिळेल का, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलं होतं. शेवटची ओळ आजी-आबांसाठी होती आणि तिच्याखाली तिने दोनदा रेघ मारली होती.

दसरू अंगणातल्या बाजेवर ऊन खात पडला होता. नातीने त्याला मोबाइलमध्ये स्कीइंगचा व्हिडिओ दाखवला होता, पण त्याचं काही समाधान झालेलं नव्हतं.

"पायाले फळ्या बांधाच्या अन् घसराचं. त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले? रोवणीच्या टायमाले आपल्या धानाच्या बांदीत, चिखलात ये. फुकट घसर."

सगळे हसले. योगराजही हसला, पण जरा उशिराने.

खरं तर ही सहल त्याच्याच डोक्यातून निघाली होती. गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी करणारा हा माणूस सासरवाडीला जायचं म्हटलं तरी 'रजा नाही' म्हणून हात झटकायचा. त्याने यंदा दिवाळीला गावी येऊन, भरल्या घरात, आपण पाचही जण डिसेंबरात बर्फ पाहायला जाऊ, असं जाहीर केलं. रेल्वेचा पास होताच. चोरखमाऱ्याच्या धरणाअलीकडच्या त्या छोट्या गावात ही बातमी अर्ध्या दिवसात घरोघरी पोचली. बायकोला, रविताला, आधी आनंद झाला. मग तिला नवल वाटलं, आणि हळूहळू ते नवल काळजीकडे झुकायला लागलं.

"मंग गुलमर्ग?" डिंपलने वही पुन्हा पुढे केली.

"उंची लई हाय. तुह्या आबाले दम लागते."

"मंग राहिलं सोलंग. ते तर मी लिहिलंच नव्हतं, तुमीच लिहाले लावलं."

"चांगलं हाय ते. मनालीपासून जवळ. थोड्या उताराचं. म्हाताऱ्या माणसाले बरं."

रविता ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर न करताच विचारलं, "अन् मनालीले का रेल्वे जाते?"

बाजेवर दसरूने पेटवायला काढलेली बिडी तशीच बोटांत राहिली. घरात धान पाखडण्याचा आवाज चालू होता, तो थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. आत जमुना होती, योगराजची माय.

रविताने शेंगांचं टोपलं बाजूला ठेवलं आणि ती तणसाच्या ढिगामागे गेली. नवऱ्याने मागून यावं हे तिला सांगावं लागलं नाही.

"तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "सोनूभाऊजी तठीच गेले ना? त्याच रस्त्यावर. मायले तठी नेऊन उभी करता? पोरीच्या हौसेच्या नावानं?"

"मले माहीत हाय कुठं गेला ते."

"मंग?"

तो तणसाच्या काड्या उपसत राहिला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि या बाईपासून त्याने एकच गोष्ट लपवून ठेवली होती.

सोनू त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. जेसीबी चालवायला शिकलेला, हात मोठा साफ. पहाडातल्या रस्त्यावरचा बर्फ काढायला माणसं हवीत, असं दुर्गाप्रसाद नावाच्या ठेकेदाराने सांगितलं, तेव्हा योगराजनेच भावाचं नाव दिलं होतं आणि गोंदियाहून गाडीतही त्यानेच बसवून दिलं होतं. चार वर्षांपूर्वी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सोलंगच्या वर बर्फाचा कडा मशीनसकट त्याच्या अंगावर आला. पाचव्या दिवशी पेटी गावात आली. गावच्या रीतीने माती दिली.

मग जीव घरी आणायचा दिवस आला. गेलेल्या माणसाचा जीव पाण्यावर जातो. पाण्याकाठी जाऊन त्याला नावाने हाक मारायची, गाडगं पाण्यात बुडवायचं, आणि त्यात जे काही जिवंत येईल, मासोळी म्हणा, झिंगा म्हणा, साधा पाणकिडा म्हणा, ते त्याचंच रूप समजून घरी आणायचं. ते एक रात्र पूर्वजांच्या कोपऱ्यात ठेवलं की तो घरच्यांत मिळतो. सकाळी मासोळी पाण्यात सोडून देतात. जीव घरी राहतो.

पण एप्रिल संपत आला होता. नाल्यात खडकाखाली एक डबकं तेवढं उरलं होतं. सकाळपासून सगळ्या भावकीने हाका मारल्या. गाडगं बुडवलं की नुसतं गढूळ पाणी वर यायचं. ऊन डोक्यावर आलं तरी जमुना काठावरून हलली नाही. पाणीसुद्धा प्यायली नाही. "त्याले रस्ता नाही सापडून राहिला," एवढंच ती म्हणत होती. योगराजला ते बघवेना. त्याने मोटरसायकल काढली आणि तो थेट धरणावर गेला. तिथे मच्छीमारांनी पाण्यात सोडायला बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, आणली होती. त्यातली बोटभर लांबीची एक मासोळी त्याने पाण्याच्या पिशवीत मागून घेतली. परत येऊन, "मी एकदा पाहतो," म्हणत तो गाडगं घेऊन खडकाखाली उतरला आणि सगळ्यांकडे पाठ केली.

गाडग्यात मासोळी चमकली तशी जमुना उठली. तिने ते गाडगं पदराखाली धरून घरी नेलं.

तेव्हापासून घरात पहिला घास सोनूच्या नावाचा निघतो. पळसाच्या पानावर भात, वर थोडी भाजी. "जेव रे बाबू," असं जमुना म्हणते, आणि योगराजला आपल्या ताटातला घास गिळवत नाही. कोण जेवतंय? तो तर अजून तिकडेच आहे, पांढऱ्या डोंगराखाली, कोणी न्यायला येईल म्हणून बसलेला. पार्सल ऑफिसात बर्फात भरलेल्या मासळीच्या पेट्या उतरायच्या. एकदा पेटी उचलताना आत कोणीतरी कूस बदलावी तसं वजन हाताला लागलं. योगराजने पेटी तिथेच टेकवली. त्या दिवसापासून त्या पेट्या सोबत काम करणारा इंद्रकुमार उचलतो, आणि बदल्यात योगराज त्याच्या रविवारच्या पाळ्या करतो. भर मे महिन्यात, प्लॅटफॉर्म तव्यासारखा तापलेला असताना, कधी कधी त्याची पावलं गार पडायची. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

"बोला ना," रविता म्हणाली.

"मले तठी जाचंच हाय," तो म्हणाला. "यापेक्षा जास्त नको विचारू."

ती टोपलं उचलायला परत गेली.

योगराज अंगणात आला तेव्हा जमुना ओसरीवर येऊन बसली होती. हातावर भुशाची पांढरी पूड होती. तिने नातीला शेजारी ओढलं.

"वाच. काय काय लिवलं ते मले ऐकव."

डिंपलने खोडलेल्या रकान्यांसकट सगळं वाचलं. जमुनेने पाळण्याचं विचारलं नाही, चहाचं विचारलं नाही. प्रत्येक नावाला तिचा एकच प्रश्न होता.

"तठी पानी हाय का? वाहतं?"

औलीचं डिंपलला माहीत नव्हतं. गुलमर्गला असावं. सोलंगचं तिने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं. "उताराच्या खाली नदी हाय, आजी. काठाले बर्फ जमते, पण मधातून वाहते."

"सोनूकाकाची मशीन कोन्या जागी होती?"

डिंपलने मोबाइल खाली ठेवला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. काका रस्त्याच्या कामावर असताना वारला, एवढंच तिला सांगितलेलं होतं. तिने बापाकडे पाहिलं, मग आबाकडे. दसरू बाजेवर उठून बसला होता.

"याच्या वरतं," तोच म्हणाला. "सोलंगच्या."

"मंग हेच घ्या," जमुना म्हणाली. तिने हात झटकले आणि ती जेवणाचं बघायला आत गेली.

योगराज तिच्या मागोमाग चुलीपर्यंत गेला. ती कोपऱ्यात बसून पळसाच्या पानावर भात काढत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचा हात धरला.

"माय, नको टाकू. मले तुले एक सांगाचं हाय."

"रोहूचं पिल्लू होतं ते," जमुना म्हणाली.

त्याचा हात आपोआप सुटला.

"मी पोरगी होती तवापासून त्या नाल्यात मच्छी धरते. तठी रोहू कवा राहिली? झिंगे राहते, अन् ते बारके काटेवाले. धरणातलं होतं ते."

"तुले मालूम होतं?"

"मालूम नसन का?"

"मंग काही बोलली काऊन नाही?"

"तुहं तोंड पाह्यलं. लालभडक झालं होतं उन्हानं. मी नाही म्हटलं असतं तर तू तठीच पडला असता." तिने भातावर भाजी वाढली. "एक पोरगा गेला होता."

योगराज भिंतीला टेकून खाली बसला.

"मंग हे रोज कोनाले जेवू घालतं?"

"आलं ना ते आपल्या घरी? तूनंच आनलं. कोनाचा तरी जीवच होता. त्याले उपाशी ठेवाचं का?" तिने पान कोपऱ्यात सरकवलं. "पन सोनू नाही आला. ते मले मालूम हाय."

"मीच चुकलो, माय. मासोळी आनली तठीच चुकलो. म्हणून तर मी हे सोलंग—"

"मासोळीचं नाही," जमुना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी सगळ्यायनं हाक मारली. तुह्या बापानं मारली. मी मारली. काका-मामायनं मारली. तू उभा होता, अन् मंग गाडी घेऊन निंघून गेला. तू नाही मारली. थोरला भाऊ तू. शाळेतून आनाचं का बजारातून आनाचं, त्याले तूच तं आवाज देये. तो दुसऱ्या कोनाचं ऐके का?"

जे नाव ठेकेदाराला दिलं, ते त्या दिवशी योगराजच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्यानंतरही कधी निघालं नव्हतं. हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

बाहेरून डिंपलने विचारलं, "बाबा, सोलंगवर गोल करू का?"

"कर," आतून जमुनेनेच सांगितलं. मग ती मुलाकडे वळली. "गाडगं मी धरीन. गुडघे दुखले तं दुखले. तू फक्त हाक मार. येते का तुले? मारून पाह्य."

योगराजचे ओठ हलले. दोनदा नुसता श्वासच बाहेर पडला.

"सोनू," तो म्हणाला.

जमुनेने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"एवढ्यानं बरफाखाली ऐकू जाते का रे?"