सतरा जागा

"यातली रेवती कुठी गेली?"

जयमालाने कानातला इअरफोन काढून हातात धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. देवानंद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. शाबासकी मिळणार म्हणून आधीच हसत होता बिचारा. ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

"रेवती तं मार्चमधीच गेली नं वं," तो हळूच म्हणाला. गोळ्यांनी हिचं डोकं फिरलं की काय, असं त्याला वाटलं.

"थे माहीत हाय मले. येडी नाई झाली मी अजून. यातली कुठी गेली? श्वास घे ती. खुर्ची कुरकुरे तिची. थे काईच नाई यात."

"अवं, थे खरखर होती! म्या साफ केली. दोन दिवस बसून केली. पाह्य ना, कसा काचेवानी आवाज झाला."

जयमालाने फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. बावीस वर्षांच्या संसारात ती भांडली होती, रुसली होती, एकदा तर रागाच्या भरात त्याच्या नव्या ॲम्प्लिफायरवर तांब्याभर पाणी ओतून मोकळी झाली होती. पण भांडायचं सोडून अशी भिंतीकडे वळली नव्हती कधी.

जानेफळात 'देवानंद साऊंड सर्व्हिस' म्हटलं की लोक डोळे मिटून सुपारी देत. लग्न असो, जयंती असो, धम्मदेसना असो, याच्या स्पीकरची कधी शिट्टी वाजली नाही, माईक कधी करकरला नाही. या एका गोष्टीचा त्याला भारी गर्व. दुसऱ्याच्या मांडवात जेवायला बसला तरी याचा घास अडायचा, "कोन हाय बे माईकवर? हमिंग येऊन राह्यली ना!" म्हणून उठून जायचा. जयमाला अंगणवाडीत सेविका. ती म्हणायची, पोटच्या पोराचं रडणंही हा आधी साफ करून घेईल, मग उचलेल. पोर काही झालं नाही त्यांना. बोलणं मात्र राहिलं.

मागच्या दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात चार महिने खेटे घातले. शेवटी डॉक्टरांनी देवानंदाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता घरी न्या. जे खावंसं वाटेल ते द्या." खायला ती दोन चमचे वरणाच्या पुढे जात नव्हती. मग काय द्यायचं माणसाने? दुखणं त्याच्या हातातलं नव्हतं. पायाशी बसलं तर ती म्हणे, जा, काम पाहा. कामाला गेलं तर जीव थाऱ्यावर नसे. या घालमेलीत त्याला तिच्या फोनमधलं ते वाजवणं सापडलं. आवाज तर त्याच्या हातातला होता!

ते वाजवणं रेवतीचं. दवाखान्यात जयमालाच्या शेजारच्या खाटेवर ती बावीस वर्षांची मेहकरची पोर होती. रक्ताचा कॅन्सर. पुण्यात पियानो शिकत होती. सलाईन लागली की आपल्या इअरफोनचं एक टोक जयमालाच्या कानात घालायची. शब्द नाहीत, ढोलकी नाही, नुसता पियानो, आणि तोही इतका हलका, की जयमालाला आधी वाटलं यंत्र बिघडलं. "काकू, हे आत्ताच्या लोकांचं आहे," रेवती सांगायची. तिकडे परदेशात एकेकटी माणसं खोलीत बसून असं वाजवतात म्हणे. जयमालाला ते भिडलं. का भिडलं, हे तिने देवानंदाला एकदा सांगितलं होतं, "गानं आपल्याले काईतरी करायले लावते, नाच नाई तं रड. हे काईच मागत नाई मानसाले."

मग एक दिवस रेवतीने स्वतः वाजवलेलं एक जयमालाच्या फोनवर पाठवलं. चार मिनिटं, अकरा सेकंद. "याचं नाव ठेवायचं राहिलंय अजून," म्हणाली. नाव राहिलं ते राहिलंच. पुढच्या पंधरवड्यात पोर गेली.

देवानंदाने ते कधी ऐकलं नव्हतं. पियानो म्हणजे ऑर्केस्ट्राच्या कीबोर्डवरचा पहिल्या नंबरचा टोन, एवढीच त्याची ओळख. परवा दुपारी जयमालाचा डोळा लागला म्हणून त्याने इअरफोन आपल्या कानात घातला आणि कपाळावर हात मारला. हे बाप्पा! किती तो कचरा! लाकूड कुरकुरतंय, खाली काहीतरी धपधपतंय, वाजवणारी नाकाने श्वास ओढते तोसुद्धा येतोय. माझी बायको मरणाच्या दारात असं खराब रेकॉर्डिंग ऐकून राह्यली, आणि मी कशाचा साऊंडवाला?

लॅपटॉप काढला, मोठे हेडफोन चढवले, एकेक सेकंद ओढून पाहिला. कुरकुर काढली, धपधप काढली. श्वास सतरा जागी होता. सतराही जागा निशाणी लावून कोऱ्या केल्या. वर थोडा बेस दिला, किंचित इको दिला. फोनमध्ये नवं भरलं आणि जुनं खोडून टाकलं, लॅपटॉपमधलंही. ही त्याची पंधरा वर्षांची रीत होती. देऊळघाटच्या एका लग्नात भंतेजी त्रिशरणाला उभे राहिले आणि याच्या बोटाखालून हळदीचं नाचगाणं सुटलं होतं. वऱ्हाडी मारायलाच धावले होते. तेव्हापासून नको असलेला ट्रॅक त्याने कधी ठेवला नाही. एका गोष्टीची एकच प्रत, तीही चोख.

"बोल ना वं काई," तो आता खाटेशी उकिडवा बसला.

जयमाला भिंतीकडेच पाहत बोलली. आवाज रागाचा नव्हता. राग असता तर देवानंद तरला असता.

"एप्रिलभर तुमी जयंत्यायवर होते. मी नाई म्हटलं नाई. धंदा हाय. दुपारी घरात कोनी नसे, सरस्वतीबाई शेजारून येऊन भाकर ठेवून चालली जाय. तवा मी हे लावो. वाटे, कोनीतरी खुर्ची घेऊन जवळ बसून हाय. आपल्यासंगं श्वास घेऊन राह्यलं." तिने उशीखालचा फोन आणखी आत सारला. "आता नुसतं वाजते थे."

"मी परत आनतो," देवानंद म्हणाला. "आजच्या आज आनतो."

मेहकरच्या बसमध्ये बसला तेव्हा त्याला खात्री होती. खोडलेलं परत निघतं, त्याने ऐकलं होतं. मोबाईलवाला धवल त्याच्या ओळखीचा, तिशीतला, हुशार. त्याने फोन घेतला, लॅपटॉप घेतला, तीन तास खटपट केली. फोनमधून अंगणवाडीच्या खिचडीचे चार फोटो निघाले. रेवती निघाली नाही.

"इंटरनेटवर पाह्य ना," देवानंद काकुळतीला आला.

धवलने गाणं ओळखणारं ॲप उघडून फोनला ते ऐकवलं. फोनने बराच विचार केला आणि नाही म्हटलं. "हे कुठे टाकलेलंच नाही काका तिने. पण या जातीचं पुष्कळ आहे. निओक्लासिकल म्हणतात याला. हे ऐका."

देवानंदाने दुकानातल्या स्टुलावर बसून ऐकलं. कोण कुठला परका माणूस. पियानो हलका, जाड घोंगडीखालून आल्यासारखा. आणि मागे लाकडाची कुरकुर. खालची धपधप. मग श्वास.

"याचं पन रेकॉर्डिंग खराब हाय," तो म्हणाला.

"खराब नाही हो! मुद्दाम ठेवतात, पायातल्या पेडलची धपधपसुद्धा. माईक पार पियानोच्या पोटात घालतात. वाजवणारा शेजारी बसलाय असं वाटलं पाहिजे. तीच तर गंमत आहे याची."

देवानंदाने दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं. सगळीकडे माणसं होती. कोणी खुर्चीत हलत होतं, कोणाची बाही घासत होती. आयुष्यभर ज्याला घाण समजून उपसत आलो, ते या लोकांनी जिवापाड जपून ठेवलं होतं. आणि आपण एका मेलेल्या पोरीचा श्वास पुसला, एकदा नाही, सतरा वेळा, चष्मा लावून, नीट पाहून. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात टाकला. धवलने पाणी दिलं.

त्याने त्यातली दहा-बारा वाजवणी भरून घरी नेली. जयमालाने त्याचं मन राखायला दोन ऐकली.

"चांगले हायत," ती म्हणाली, "पन हे लोक मले ओळखत नाईत."

त्या दिवसापासून तिने इअरफोन मागितला नाही. गोळीची वेळ व्हायच्या आत कण्हू लागली. दुपारी टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाही. सरस्वतीबाईने देवानंदाला ओसरीत गाठून सांगितलं, "भाऊ, तिनं मन काढून घेतलं आता. आठ दिवस नाई काढत ती."

आता एकच दार उरलं होतं, आणि त्या दाराशी जायला त्याचे पाय उचलत नव्हते. तरी गेला. रेवतीचे वडील चिंतामणराव मेहकरातच राहत. भूमी अभिलेखमध्ये कारकून होते, यंदाच निवृत्त झाले. त्यांनी ओळखलं. दवाखान्याच्या जिन्यावर दोघांनी कितीदा एका कपातला चहा वाटून घेतला होता.

"रेवतीनं आमच्या हिले वाजवून पाठवलं होतं. तिच्या फोनमधी असन साहेब थे," देवानंद म्हणाला. "मूळचं."

चिंतामणरावांनी फडताळाकडे बोट दाखवलं. फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता. "लॉक आहे. नंबर आम्हाला माहीत नाही. ही रोज चार्ज करते. रोज तिच्या जन्मतारखेची उलटसुलट करून पाहतो. उघडत नाही." मग एकदम पुढे सरकले. "तुमच्याकडे तिचं वाजवलेलं आहे म्हणता? आमच्याकडे काहीच नाही हो. ती वाजवायची तेव्हा मी म्हणायचो, दार लाव."

आतून रेवतीची आई प्रतिमाताई पदराला हात पुसत आल्या. आता नाही कसं म्हणणार? देवानंदाने फोन टेबलावर ठेवला आणि लावलं. चार मिनिटं, अकरा सेकंद दोघंही हलली नाहीत.

"किती स्वच्छ आहे," चिंतामणराव म्हणाले.

प्रतिमाताई मात्र फोनकडे बघत राहिल्या. "वाजवताना नाक वाजायचं तिचं. लहानपणापासून. मी ओरडायचे, शिंकरून ये म्हणून. ते नाही आलं का यात?"

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. ती माणसं हात जोडून धन्यवाद म्हणणार होती. देवानंदाच्या जिभेवर ते आलंही, की नाई ताई, आलंच नाई. पण त्याच्याने म्हणवलं नाही.

"होतं ताई. म्या काढलं. मले खरखर वाटली. मूळचं खोडून टाकलं म्या." आणि तो हमसून रडू लागला, परक्याच्या घरात, पन्नाशीला आलेला माणूस.

कोणी ओरडलं नाही. कोणी एक शिवी दिली असती तरी त्याने पदरात घेतली असती. प्रतिमाताई आत गेल्या. मग चिंतामणराव म्हणाले, "काढायचं तर आधी ऐकावं लागलं असेल ना?"

"हो साहेब."

"नीट ऐकलं असेल. कुठे कुठे होतं, सांगता येईल?"

त्यांनी कोरा कागद घेतला. पट्टीने चार रकाने आखले. अनुक्रमांक, मिनिट, सेकंद, शेरा. चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, दुसरं काय करणार? देवानंदाने परत लावलं. जिथे श्वास होता तिथे बोट वर केलं.

"हा मोठा होता. इथून ती वरच्या पट्ट्यायकडे गेली असन."

चिंतामणरावांनी शेऱ्यात लिहिलं, मोठा.

"हा अर्धाच होता. मधी थांबली."

अर्धा, असं लिहिलं. प्रतिमाताई दारात येऊन उभ्या होत्या. सतरा ओळी भरल्या. चिंतामणरावांनी खाली सही करायला पेन टेकवलं, मग स्वतःच्याच लक्षात आलं तसं पेन बाजूला ठेवलं.

देवानंद घरी पोहोचला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. रिकाम्या हाताने आत शिरताना त्याला उंबरा चढवेना.

"भेटली?" जयमालाने विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"नाई भेटत वं. कुठीच नाई ती. म्याच मारली." तो खाटेच्या कडेवर बसला. मग एक टोक तिच्या कानात घातलं, एक आपल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि लावलं. पहिली जागा आली. त्याने तिच्या तळहातावर बोट दाबलं. दुसरी आली, दाबलं. तिसऱ्या जागेला जयमालाच्या कपाळावरची आठी हलली. तिला कळलं होतं, या श्वासांच्या जागा. चौथी, पाचवी, अशी दहा झाली. अकरावी जागा देवानंद चुकला. आज डोकं ठिकाणावर कुठे होतं त्याचं! पण नेमकी तिथेच जयमालाची बोटं मिटली आणि तिने त्याचं बोट दाबलं. जोर मुंगीएवढा, पण जागा बरोबर.

बारावीलाही तिनेच दाबलं. तेरावीलाही.

चौदाव्या जागेला दोघांचीही बोटं हलली नाहीत. तो तिची वाट पाहत राहिला. पंधरावी गेली. सोळावी गेली. पियानो आपला चोख, काचेसारखा वाजतच होता. देवानंदाने आपल्या कानातलं काढलं, खाली वाकला, आणि तिच्या नाकाशी कान नेऊन ऐकू लागला.