आप्पासाहेबांची करंगळी

पेशवाईतल्या सरदारांना तसबिरीची हौस दांडगी आणि त्यासाठी उभं राहायचा कंटाळा त्याहून दांडगा. एका लहानशा मुलखाचे धनी असलेले आप्पासाहेब बुधवार पेठेतल्या वाड्यात राहत. वाताने त्यांचे गुडघे धरलेले, चिलखत पेलवेना, पण तसबीर हवी ती लढाईच्याच वेषात. मग अनंत चिताऱ्याने त्यांचा चेहरा बसल्याजागी उतरवून घेतला आणि अंगासाठी चिलखत चढवून उभा केला त्यांचा शिलेदार, बिबवेवाडीचा जयसिंग.

जयसिंग बिचारा हूं की चूं न करता उभा राहायचा. एकदाच त्याने विचारलं, हात तरी माझाच राहील ना? मोहिमेवर जाण्याआधी बायकोला सांगायचं होतं त्याला, की आठवण आलीच तर वाड्यात जा, माझा हात तिथे आहे. अनंताने खुशाल हो म्हटलं.

लहानपणी मोटेच्या चाकात सापडून जयसिंगची उजवी करंगळी वाकडी झाली होती. मूठ आवळली तरी ती बाहेरच राही. अर्धी तसबीर पाहून दिवाणजींनी विचारलं, "सरकार तलवार धरतायत की दुधाची वाटी?"

झालं. अनंताने त्याच दिवशी करंगळी सरळ करून मुठीत बसवली. जयसिंगला सांगायचं मात्र त्याच्या जिवावर आलं.

दसऱ्याला तसबीर दिवाणखान्यात लागली आणि जयसिंग मोहिमेवर गेला. शास्त्रीबुवांना तसबिरीच्या कपाळावर तेज दिसलं. दिवाणजी मूठ दाखवून म्हणाले, ही पकड ज्याची, त्याचा किल्ला कधी जायचा नाही. थंडी सरायच्या आत आप्पासाहेबांचा किल्ला गेला, आणि तो राखताना जयसिंगही गेला. त्याची राखसुद्धा घरी आली नाही.

फाल्गुनात त्याची बायको मैना वाड्यावर आली. अनंतच तिला तसबिरीपुढे घेऊन गेला.

"त्यांचा हात कंचा?" तिने विचारलं.

"तलवारीवरचा," अनंत म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

ती जवळ गेली. बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिली.

"न्हाई वो," ती म्हणाली. "त्यांची करंगळी मिटत न्हवती. घास घेताना बी उभीच ऱ्हायची. ह्यो हात सरकारांचाच हाय."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने तसबिरीला नमस्कार केला, उगा तरास दिला म्हणाली आणि गेली.

अनंत घरी आला तो थेट कागद घेऊन बसला. निदान तेवढा हात काढून बिबवेवाडीला पोचवायचा होता. मूठ जमली, मनगट जमलं. करंगळी मात्र कुठून वाकली होती, पहिल्या पेरापाशी की दुसऱ्या, काही केल्या आठवेना. इतके दिवस तो त्या बोटाकडे बघत होता, पण ते सरळ कसं करावं एवढंच बघत होता.