सुताराच्या खाटेपाशी

पाळकसाहेबांच्या आत काही उरलं नव्हतं, आणि हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. चर्चच्या मंडळीला दर रविवारी खणखणीत आवाज मिळत होता, तेवढ्यावर ती खूश. एके काळी प्रार्थनेत या माणसाचा गळा भरून यायचा. आता नुसत्या पाट्या टाकणं चाललं होतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या दिवशी एक दफन उरकून, बुटांची मातीही न झटकता, ते म्हाताऱ्या सुताराकडे आले. देवळातली सगळी बाकं त्याच्या हातची. गेल्या वर्षी या घरातून तरण्या मुलाची शवपेटी निघाली, तेव्हा साहेबांच्याच शब्दांच्या आधाराने हे नवरा-बायको तगले होते. आता सुतार स्वतः खाटेवर होता. औषधं नीट घेतली तर माणूस उठेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुम्ही फक्त देवाकडे मागा, मग उठतो की नाही बघा," सुतार म्हणाला. "व्यासपीठाचा पाय डुगडुगतोय. दुसऱ्या कुणाला जमायचा नाही तो."

साहेबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि जीभ मोकळी सोडली. मन केव्हाच घरी जेवायला बसलं होतं. जीभ आपली सवयीने चालत राहिली आणि थेट सकाळच्या कबरीवर जाऊन पोचली. "मातीला माती, राखेला राख. तुझ्या या सेवकाला आम्ही भूमीच्या स्वाधीन करतो."

सुताराची बायको औषधाचा पेला धरून तशीच उभी राहिली.

"आमेन," सुतार शांतपणे म्हणाला. बायकोचा हात त्याने बाजूला सारला. "राहू दे गं आता. त्याने कळवलंय."

साहेबांनी खाडकन डोळे उघडले. "नाही हो दादा, चुकलं माझं! सकाळचं दफन, तेच तोंडात आलं."

"तुमचं कसलं चुकतंय? तुमच्या तोंडून तो बोलतो."

"नाही बोलत!" साहेब ओरडलेच. "कैक वर्षं झाली, माझ्याशी बोललाच नाही तो. मी पाठ केलेलं म्हणतो, दादा. औषध घ्या. पाया पडतो तुमच्या."

सुताराने भिंतीकडे तोंड फिरवलं. पेला तसाच भरलेला होता.

बोलली ती त्याची बायको. "आमचा पोरगा प्रभूच्या कुशीत आहे म्हणालात, साहेब. तेही पाठ केलेलंच?"